हात मागे ठेवायचा सिद्धान्त

अमरावतीतल्या ज्या नर्सिंग कॉलेजात बाईंनी शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात त्यांना भरती केलं, तेव्हा उजवं अंग लकव्यानं गेलं होतं आणि डावं रागानं थरथरत होतं. खाट मिळाली ती दाराजवळची. खाटेच्या डोक्यावर, बरोब्बर मधोमध, काचेच्या फ्रेममध्ये बाईंचाच सिद्धान्त टांगलेला. चार चौकोन, त्यांच्यामधून इकडून तिकडे पळणारे बाण, खाली मोठ्या अक्षरांत ‘रुग्णाला स्वतः करू द्या’, आणि उरलेल्या अर्ध्या जागेत संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो. पांढरा कुर्ता, हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याखाली बसून सेकंड इयरची एक मुलगी बाईंना चमच्यानं ज्वारीच्या कण्या भरवत होती.

“आ करा आजी. आऽऽ. शाब्बास.”

बाईंनी आ केला नाही. डावा हात पुढे केला. “चमचा दे.” बोलणं जड झालं होतं, पण हुकूम कळण्याइतकं स्पष्ट होतं.

“नाही ना आजी. सांडते मंग. चादर आत्ताच बदलली.”

“वर पाह्य. काय लिहिलं आहे?”

मुलीनं मान वर करून वाचलं, बाणांचा माग काढायचा प्रयत्न केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “ते आमाले थर्ड इयरले आहे.”

मी शेजारी स्टुलावर होते. मला हसू आलं आणि हसू आल्याबद्दल लगेच धास्ती वाटली. मला कशाचीही धास्ती वाटते. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का हे पाहायला मी दोनदा परत येते आणि तिसऱ्यांदा शेजारणीला फोन करते. पण या वेळची धास्ती खरी होती. आदल्याच दिवशी पुण्याहून बाईंचा भाचा येऊन गेला होता. बाईंनी लग्न केलं नाही, जवळचं माणूस म्हणजे हा एक भाचा. माणूस वाईट नाही, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल तारीख घालून लागतो. त्यानं डॉक्टरांशी बोलून अट ठरवून टाकली. पुढच्या गुरुवारी मी परत येतो, म्हणाला. तोवर आत्या खाटेवरून उतरून कमोडच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेली, कोणी न धरता, तर तिला अमरावतीच्या घरी राहू देऊ. नाही गेली, तर पुण्याचं केअर सेंटर. जागा बघून ठेवलीय. एसी आहे.

“आणि त्या बाई?” त्यानं माझ्याकडे न बघता डॉक्टरांनाच विचारलं, जणू मी बाईंची जुनी औषधं होते आणि पुढे चालू ठेवायची की बंद करायची ते त्यांनी सांगायचं होतं.

त्या बाई म्हणजे मी. बाईंच्या घराच्या मागच्या खोलीत मी राहते. शेजारी म्हणतात कामवाली, बाई म्हणतात सेक्रेटरी. मला स्वतःला विचारलंत तर माहीत नाही. पण त्या खोलीबाहेर मला जायला जागा नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे. पुण्याच्या त्या सेंटरात बाई एसीत कशा राहतील, हा विचार मी करत होते असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यात माझाही विचार होता. तो इथं लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं खरं लिहायला मोकळी.

मी गुहागरकडची. आठवी अर्धी टाकून घरी बसले आणि सतराव्या वर्षी बहिणीच्या बाळंतपणाला अकोल्याला आले. मेहुणे रेल्वेत होते. तीन महिन्यांसाठी आले होते. नारळ नाही, मासळी नाही, समुद्राच्या जागी कापसाच्या गाड्या. बहिणीला मूल झालं, मग दुसरं झालं, आणि माझा परतीचा विषय कोणी काढेना. शेवटी मेहुण्यांनीच एका हॉस्पिटलात आयेचं काम मिळवून दिलं. “बोलून राहिली तर पेशंट घाबरते हिले,” तिथली मोठी सिस्टर पहिल्या दिवशी म्हणाली, “आन् नाही बोलली तर मले भीती वाटते. कुठून आणली बावा ही?”

त्याच सिस्टरनं दुसऱ्या दिवशी माझा पुरा बंदोबस्त केला. ड्रेसिंगचा उकळून ठेवलेला ट्रे मी सरळ उघड्या हातांनी उचलून पुसायला घेतला होता. मला वाटलं, धूळ आहे. “पुन्हा कशाले हात लावला,” ती वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली, “तर हात कापून याच ट्रेमंधी ठेवीन.” मी विश्वास ठेवला. मला धमक्यांवर पटकन विश्वास बसतो. त्या दिवसापासून मी वॉर्डात दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरू लागले. सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

वॉर्डात एक आजी होत्या, लकव्याच्याच. पंधरा दिवस आडव्या. पाणी पाजायचं, भरवायचं, कूस बदलायची, सगळं दुसऱ्यांनी. एका दुपारी आजी मला म्हणाल्या, “पाणी दे वं.” पेला बाजूच्या कपाटावर होता. मी हात मागे ठेवून म्हटलं, “सिस्टर येतील हं.”

“तू काय करून राहिली इथं? खांब आहेस का?”

“सिस्टर येतील.”

आजींनी माझ्या मायबापाचा, माझ्या गावाचा आणि बहुधा समुद्राचाही उद्धार केला. मग दात खाऊन चांगला हात लांब केला, कपाटाची कड धरली, पेला ओढला, अर्धा पदरावर सांडला आणि अर्धा प्यायल्या. पंधरा दिवसांत आजींनी स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट. दारात बाई उभ्या होत्या. त्या तेव्हा तिथं इन्चार्ज होत्या, उंच, चष्मा, हातात नेहमी एक जाड वही.

मला वाटलं, आता नोकरी गेली.

“पाणी काहून नाही दिलं?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“हात कापायची.”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, “उद्याही याच खाटेपाशी उभी राहा. अशीच भ्यायची.”

सिद्धान्त असा जन्माला येतो हे मला तेव्हा कुठं माहीत होतं. मी नोकरी वाचली म्हणून त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्या म्हणाल्या, “हात मागे.”

बाईंचे वडील अमरावतीतले वकील. मुलगी नर्सिंगला गेली हे त्यांनी कोर्टात कोणाला सांगितलं नाही. ‘हॉस्पिटलात ऑफिसर आहे’ एवढंच सांगत. घरी मात्र म्हणत, “लोकांची घाण काढायला शिकवायला सरकारनं कॉलेज काढलं, आणि आमची मुलगी तिथं पहिली आली.” बाई हे हसत सांगायच्या, पण सांगताना चष्मा काढून पुसायच्या. त्यांच्या त्या वहीत प्रत्येक पानावर मधोमध एक रेघ असे. डावीकडे ‘आपण काय केलं’, उजवीकडे ‘तिनं काय केलं’. डावी बाजू भरून वाहायची. उजवी बाजू कोरी. वर्षानुवर्षं कोरी. आजींच्या पेल्याचा दिवस उजवीकडे लिहिलेला मी पुढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ‘पेला ओढला. सांडला. प्यायली. शिव्या दिल्या.’ शिव्यांखाली दोनदा रेघ.

त्यातून बाईंनी जे काढलं ते दोन वाक्यांचं होतं. नर्सनं खाटेपाशी जावं, हात मागे ठेवावेत, मनात वीस मोजावेत आणि रुग्ण स्वतः काय करतो ते पाहावं. हे पहिलं वाक्य. त्यानं हात मागितला, की मग एका श्वासाचाही उशीर करू नये; हे दुसरं. एवढंच. लहान मुलालाही कळेल. म्हणूनच ते मोठ्या माणसांना कळवायला बाईंचा जन्म गेला.

डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, थिअरी राहू द्या, टेंपरेचर सांगा.” नातेवाईक तर अंगावरच आले. भातकुलीकडचा एक गडी बायकोला घेऊन आला होता. नर्स हात मागे घेऊन उभी राहिलेली पाहून तो गरजला, “आमी काय इथं तमाशा घेऊन आलो का, की या पोरी उभ्या राहून पाहून राहिल्या?” त्याची बायको तेवढ्यात उठून बसली आणि स्वतःच्या हातानं केस बांधत त्याला म्हणाली, “गप बसा ना जरा. कोणी तरी पाहून राहिलं माझ्याकडं, तर पाहू द्या.” हे वाक्यही वहीत उजवीकडे आहे.

बाई हे सगळं लिहून दूरच्या एका शहरातल्या परिषदेत वाचायला गेल्या. पाठीमागे कोटवाल्यांची रांग. एकानं विचारलं, “तुमच्या या मांडणीला परदेशातला कुठला आधार?”

“परदेशातला नाही. अकोल्यातला आहे.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता. त्यांनी वाचलेल्या लेखात मीही होते, ‘एका अप्रशिक्षित सहायिकेच्या वर्तनावरून’. माझ्या घाबरटपणाला बाईंनी ‘सहेतुक प्रतीक्षा’ असं नाव दिलं होतं. गावी आईला पत्रानं कळवलं तर तिनं उलट विचारलं, हे आजाराचं नाव आहे की पदाचं.

बाई अकोल्याहून अमरावतीच्या कॉलेजात शिकवायला गेल्या तेव्हा मला म्हणाल्या, “चल. मागची खोली रिकामी आहे. तुझं अक्षर चांगलं आहे, डोकं मागाहून पाहू.” बहिणीच्या घरात तोवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मी गेले. दिवसा हॉस्पिटलात आया आणि संध्याकाळी बाईंच्या वह्या स्वच्छ अक्षरात उतरवायच्या. चुकलं की बाई पान फाडत. आठवी अर्धी टाकलेल्या मुलीनं मराठी लिहायला शिकावं ते असं, फाटलेल्या पानांवरून. आज मी हे लिहितेय ते त्यांचंच देणं आहे. आणि हे वाचून त्या निम्मी पानं फाडतील, हेही धरून चालते.

मग काही वर्षांनी दक्षिणेकडच्या कुठल्याशा पाठ्यपुस्तकात बाईंच्या सिद्धान्ताला एक पान मिळालं. बाहेरून आलं म्हटल्यावर अमरावतीला तो एका रात्रीत कळला. सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ आणि नारळ. तो नारळ बघून मला गावच्या झाडाखाली गळून पडणाऱ्या कोवळ्या बोंड्यांची आठवण आली. अध्यक्षांनी भाषणात स्वतःच्या आईविषयी अर्धा तास सांगितलं आणि शेवटी बाईंना ‘सेवेची मूर्ती’ म्हणाले. बाई माइकपाशी गेल्या. “मी सेवा केली नाही,” त्या म्हणाल्या, “काम केलं. आणि त्यातलं बरंचसं काम म्हणजे आपली सवय आवरणं होतं. धन्यवाद.” टाळ्या वाजल्या. इतक्या छोट्या भाषणाला जितक्या वाजतात तितक्याच.

त्यानंतर सिद्धान्ताचं जे झालं त्याला मी साक्षीदार आहे. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी प्रिन्सिपल झाली. तिनं दोन वाक्यांचे चार चौकोन केले, चौकोनांना बाण फोडले, प्रॅक्टिकलला ‘हात मागे’ या कृतीला वेगळे गुण ठेवले. मुली घरी आरशासमोर हात मागे घेण्याचा सराव करू लागल्या. चार्ट छापायला गेला तेव्हा अध्यक्षांचा फोटो जरा मोठा घ्यावा असं ठरलं. जागा कमी पडली. दुसरं वाक्य गेलं.

बाईंनी पत्र लिहिलं. अक्षर माझं, राग त्यांचा. प्रिन्सिपल मॅडमनी फोन केला. “मॅडम, पुढच्या छपाईला नक्की. आणि तसंही, पहिल्या वाक्यात सगळं येऊनच जातं ना?”

ते कसं येऊन जातं, हे इन्स्पेक्शनच्या दिवशी मी पाहिलं. मी तेव्हा त्याच हॉस्पिटलात कामावर होते. तपासणीला बाहेरचे लोक आले. प्रत्येक खाटेपाशी एक मुलगी, कडक इस्त्री, हात मागे, नजर समोर. झेंडावंदन असावं तसं. नांदगाव खंडेश्वरच्या एका मावशींचा मनगटाचं हाड मोडलेला हात गळ्यात, दुसऱ्या हाताला सलाइन. त्या म्हणाल्या, “बाई वं, बेडपॅन दे.” मुलगी हलली नाही. “अवं, लागली ना मले.” मुलीचे ओठ हलत होते, ती मोजत होती. वीस झाले असतील, पन्नास झाले असतील. समोर तपासणीवाले उभे; आता हात काढले तर गुण जातील, या भीतीनं ती शंभराच्या पुढे गेली असावी. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून बेडपॅन घेऊन धावत आले, पण तोवर चादर भिजली होती आणि मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तपासणीवाल्यांनी शेऱ्यात ‘उत्तम शिस्त’ लिहिलं. संध्याकाळी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी वही मागितली. डावीकडे लिहिलं, ‘आपण मोजलं.’ उजवीकडे, ‘ती भिंतीकडे वळली.’

तर आता त्याच वॉर्डात, त्याच चार्टखाली, बाई. आणि पुढचा गुरुवार.

फिजिओथेरपीवाला सकाळी येऊन पाय हलवून जाई. बाकी दिवसभर आम्ही तिघी: बाई, मी आणि ती सेकंड इयरची मुलगी. मुलगी वरूडची निघाली, घरी संत्र्याची बाग. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीभर संत्री आणली आणि एक सोलून, फोडी सुट्या करून, बिया काढून, वरचा पांढरा दोराही ओढून बाईंच्या तोंडापाशी धरली.

“हे काय आहे?”

“संत्रं, आजी.”

“नाही. हे तू खाऊन टाकलेलं संत्रं आहे. मले अख्खं दे.”

बाई भाषणात शुद्ध बोलत, रागात आणि वॉर्डात वऱ्हाडी. मुलीनं अख्खं संत्रं दिलं. बाईंनी ते छातीवर दाबून धरलं, डाव्या अंगठ्यानं खुपसलं, दातांनी साल ओढली. अर्धा तास. रस कोपरावरून चादरीवर. मुलगी “मॅडम, चादर! मॅडम, चादर!” करत होती, ‘आजी’चं ‘मॅडम’ कधी झालं ते तिच्याही लक्षात आलं नाही. बाईंनी शेवटी एक फोड तोंडात घातली, बी थुंकली आणि म्हणाल्या, “आता लिही. उजवीकडे.”

दुसऱ्या दिवशी मुलगी थर्ड इयरचं पुस्तक मागून घेऊन आली. त्यातही दुसरं वाक्य नव्हतं. बाईंनी ते तिला तोंडी सांगितलं. मुलगी चमकली. “मंग हे असं काहून नाही शिकवत आमाले?” बाईंनी डोळ्यांनी वर, कुर्त्याकडे दाखवलं.

सगळं नीट चाललं होतं. अडचण एकच होती, आणि ती मी होते.

ज्या हातांच्या भीतीवरून सिद्धान्त निघाला, तेच हात आता मागे राहीनात. बाईंनी पाय खाली सोडला की माझे हात पुढे. बाई खाटेची कड शोधत असत आणि मी त्यांच्या काखेत. पडल्या तर? पडल्या तर गुरुवार गेला, गुरुवार गेला तर पुणे, पुणे म्हणजे मागची खोली गेली. वीसपर्यंत मोजायला जावं तर सातलाच मी त्यांना उचललेलं असे. रविवारी बाईंनी चमचा फेकला. नेम डाव्या हाताचा, तरी बरोबर लागला.

“बाहेर हो.”

“पडाल तुम्ही.”

“पडीन. तुला काय वाटतं, मी तुझ्यासाठी उभी राहून राहिली? मले मुताले स्वतः जायचं आहे. एवढीच गोष्ट आहे. तुझ्या खोलीचं मागून पाहू.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी वऱ्हांड्यात जाऊन बसले. शरम वाटली आणि हलकंही वाटलं. आत खाट करकरत होती, मुलगी हळू आवाजात मोजत होती. “अठरा, एकोणीस… उभ्या झाल्या, मॅडम, उभ्या झाल्या!” आणि मी बाहेर, हात मांडीखाली दाबून.

गुरुवारी भाचा आला तो एकटा नव्हता. प्रिन्सिपल मॅडमना सुगावा लागला होता. त्या थर्ड इयरच्या वीसेक मुली, एक फोटोवाला आणि पुष्पगुच्छ घेऊन हजर. सिद्धान्त मांडणारीनं स्वतःवर सिद्धान्त करून दाखवायचा. संस्थेच्या पानावर टाकायला याहून चांगलं काय? मुलींनी खाटेभोवती अर्धगोल केला आणि खाडकन हात मागे घेतले.

“मॅडम, सुरू करा. आम्ही सगळे पाहतोय,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

बाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. “मी मुताले जाऊन राहिली,” त्या म्हणाल्या. “सत्कार मंग करा. निघा.”

अर्धगोल मोडायला वेळ लागला नाही. भाचा पडद्यापाशी थांबला, पाठ करून. आत मी आणि वरूडची मुलगी. कमोडची खुर्ची चार पावलांवर. मी हात मागे घेतले. बाईंनी डावा पाय खाली टाकला, मग दोन्ही डोळ्यांनी दटावून उजवा. कड धरली. उठल्या. एक पाऊल. दुसऱ्याला उजवा गुडघा वाकला आणि सगळं अंग तिरकं झालं, तशी मी सुटलेच. पण माझे हात पुढे आले नाहीत. मागून मुलीनं माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली होती. “नाही मागितलं त्यायनं अजून,” ती माझ्या कानात म्हणाली. “बारा. तेरा.” बाईंनी सलाइनचा स्टँड पकडला. स्टँड सरकला, बाई त्याच्याबरोबर सरकल्या. त्यात त्यांचंच एक पाऊल भागलं. शेवटी खुर्चीची दांडी हाताला लागली. त्या वळल्या आणि बसल्या. बराच वेळ काही नाही. मग जो आवाज ऐकायला आम्ही तिघी आठवडाभर जीव मुठीत धरून होतो, तो झाला. भाच्यानंही ऐकला असणार, पडदा हलला.

आणि मग बाई म्हणाल्या, “हात.”

मुलीनं माझी मनगटं सोडली आणि आम्ही दोघी एकदमच धावलो, इतक्या जोरात की आमची डोकी आपटली. पण श्वासाचाही उशीर झाला नाही. दोघींनी धरून त्यांना खाटेवर आणलं.

भाचा आत आला. “पण आत्या, परत येताना तर यांनी धरलं.”

“तू जायचं म्हटलं होतंस,” बाई उशीला टेकत म्हणाल्या. आवाज दमलेला, भाषा एकदम शुद्ध. “परत यायचं अटीत नव्हतं.”

भाचा हसला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, “आजोबा असेच केस जिंकायचे म्हणतात.” आणि कागदांवर सही करायला गेला. रोज एक व्हिडिओ पाठवायचा, एवढंच त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी रोज दोन पाठवते. एक चुकून गेला नाही तर?

सुट्टी मिळाली त्या सकाळी बाई चाकाच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “थांब. चिकटपट्टी आण. पेनपण.” ड्रेसिंगची रुंद पांढरी पट्टी मुलीनं फाडून दिली. बाईंनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांच्या हजारो पानांसाठी लिहिलं तशाच अक्षरात. ‘मागितलं की लगेच.’ मुलगी स्टुलावर चढली आणि पट्टी लावायला जागा शोधू लागली. चौकोनांत नव्हती, बाणांत नव्हती. एकच मोकळी, पांढरी जागा होती, अध्यक्षांच्या कुर्त्यावर. तिनं तिथं लावली आणि अंगठ्यानं कडा दाबून घट्ट बसवली.

नेमक्या तेव्हाच प्रिन्सिपल मॅडम बाईंना निरोप द्यायला दारात आल्या. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मग, काय करावं सुचेना तेव्हा इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचे दोन्ही हात आपोआप मागे गेले.

मी मनात वीस मोजले. कोणी काही मागितलं नाही, म्हणून खुर्ची ढकलत आम्ही लिफ्टकडे निघालो.